पायाचं कुरूप: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कुरूप झालं की बहुतेक जण मेडिकलमधून पट्टी आणतात, लावतात, कातडी निघते, बरं वाटतं आणि काही आठवड्यांनी परत त्याच जागी टोचायला लागतं. मग ब्लेड, मग बिब्बा, मग कोणीतरी सांगितलेलं अजून काहीतरी. माझ्या आईला शुगर आहे आणि कुरूपाचा त्रासही जुना, त्यामुळे डॉक्टरांना विचारून विचारून हा विषय नीट समजून घेतलाय. लोक जे प्रश्न सारखे विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितेय. घरात कोणाला शुगर असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी खालचा शुगरचा प्रश्न वाचा.

कुरूप म्हणजे नक्की असतं तरी काय?

जाड झालेली मेलेली कातडी, एवढंच. पायाच्या एकाच ठिकाणी रोज दाब पडला किंवा घासलं गेलं की स्वतःला वाचवायला कातडी तिथे जाड होते, इथपर्यंत ठीक आहे, पण हा दाब जेव्हा अगदी छोट्या जागेवर पडतो, म्हणजे आत हाड, बाहेर बुटाची कडक बाजू आणि मधे चेपलेली कातडी, तेव्हा ती आतल्या बाजूला दाबली जाते आणि मधोमध एक कडक पिवळसर गाठ तयार होते. ही गाठ खाली निमुळती असते, टोक आत आणि चपटी बाजू वर, म्हणून प्रत्येक पावलाला बुटात खिळा वर आल्यासारखं टोचतं. कोणी भोवरी म्हणतं, कोणी कॉर्न म्हणतं, एकच गोष्ट.

ते मुळासकट काढलं नाही तर परत येतं म्हणतात, खरंय का?

कुरूपाला मूळ नसतं. मधला कडक भाग काढला की खाली साधी निरोगी कातडी असते. परत येतं कारण दाब तसाच चालू असतो. तोच बूट, तीच चप्पल, तीच चालायची पद्धत, मग कातडी तरी दुसरं काय करणार, ती परत जाड होते. म्हणून ‘मूळ काढून देतो’ म्हणून खोलवर कापणाऱ्या माणसाकडे जाऊ नका, विशेषतः बाजारात किंवा जत्रेत बसून कुरूप काढून देणारे असतात त्यांच्याकडे तर नकोच, त्यांची हत्यारं एका पायावरून दुसऱ्या पायावर तशीच फिरतात.

मलाच का झालं? घरात बाकी कोणाला नाही.

याचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्या चपलांच्या रॅकमध्ये सापडतं. रोजचा बूट घ्या, त्याची आतली गादी बाहेर काढा आणि उजेडात धरा. जिथे ती काळी पडून गुळगुळीत चकचकीत झालीय आणि बोट फिरवल्यावर खळगा लागतो ती जागा आणि तुमच्या पायावरची कुरूपाची जागा जुळवून बघा. मग बुटाच्या आत हात घालून वरच्या बाजूने बोटं फिरवा, कधी शिवण आत आलेली असते, कधी अस्तर फाटून गोळा झालेलं असतं, तर कधी बूट पुढे इतका अरुंद असतो की करंगळी सतत दुमडलेलीच राहते. करंगळीच्या वरचं कुरूप जवळजवळ नेहमी अशाच अरुंद बुटातून येतं. चवड्याखालचं कुरूप हिल्स घालणाऱ्यांना जास्त होतं, कारण टाच उचलली की सगळं वजन पुढे येतं.

सैल चप्पलही वाईट बरं का, ते कोणाच्या लक्षात येत नाही. चप्पल पायातून निसटू नये म्हणून बोटं सारखी आकसून धरावी लागतात, मग बोटांच्या टोकांना आणि वरच्या सांध्यांना घासतं.

चप्पल-बूट ठीक असतील तर पायाकडे बघा. अंगठ्याचं हाड बाहेर आलंय का, एखादं बोट वाकडं होऊन वर उचललं गेलंय का. वय वाढलं की तळव्याखालची चरबीची नैसर्गिक गादी पातळ होते, म्हणून पन्नाशी-साठीनंतर तोच जुना बूट अचानक टोचायला लागतो. आणि आपल्याकडचं एक मोठं कारण म्हणजे फरशी. दिवसभर अनवाणी, ओट्यापाशी तासनतास उभं राहायचं, खाली कडक टाइल, अशा बायकांच्या चवड्याला कुरूप झालेलं खूप दिसतं आणि त्यांना वाटतं आपण बूट घालतच नाही तर कॉर्न कसं होईल. घरात घालायला मऊ सोलची वेगळी चप्पल ठेवा, त्यानेच निम्म्या जणींना आराम पडेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

हे कुरूप आहे, घट्टा आहे की चामखीळ, ओळखायचं कसं?

घट्टा पसरट असतो, कडा कुठे संपतात ते नीट कळत नाही आणि सहसा दुखत नाही. कुरूप छोटं, गोल, मधे कडक ठिपका असलेलं आणि वरून सरळ दाबलं की दुखतं. तळपायाची चामखीळ मात्र दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की जास्त दुखते, तिच्यात बऱ्याचदा बारीक काळे ठिपके दिसतात (त्या गोठलेल्या रक्तवाहिन्या असतात, घाण नव्हे) आणि तळव्यावरच्या रेषा तिच्यापाशी येऊन थांबतात. घट्ट्यावर त्या रेषा तशाच पुढे जातात.

हा फरक महत्त्वाचा का, तर चामखीळ व्हायरसमुळे होते, पसरते, आणि तिचा इलाज वेगळा. कुरूप समजून चामखीळ घासत बसलात की ती पायावर आणखी चार ठिकाणी उगवू शकते. लहान मुलाच्या तळपायाला ‘कुरूप’ झालंय असं वाटत असेल तर आधी चामखिळीचाच विचार करा, लहान मुलांना कुरूप क्वचित होतं.

कुरूप एकाचं दुसऱ्याला लागतं का?

नाही. व्हायरस, बुरशी, जंतू काहीच त्याच्या मुळाशी नसतं. पण चामखीळ लागते, त्यामुळे खात्री होईपर्यंत टॉवेल आणि पाय घासायची वजरी वेगळी ठेवलेली बरी.

बोटांच्या बेचक्यात पांढरं, ओलसर, खूप दुखणारं काहीतरी झालंय. चिखल्या आहेत का?

असतील, पण मऊ कुरूपही असू शकतं. हे बहुतेक वेळा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधे होतं. दोन बोटांची हाडं एकमेकांवर घासतात, कातडी जाड होते, पण तिथे घाम आणि ओल असल्यामुळे ती कडक न होता पांढरी, फुगलेली, रबरासारखी राहते. चिखल्यांना खाज आणि वास जास्त, त्या एकापेक्षा जास्त बेचक्यांत पसरतात. मऊ कुरूप एकाच जागी असतं आणि बोटं दोन्ही बाजूंनी दाबली की जीव जातो. कधी कधी दोन्ही एकत्रही असतात, म्हणून पावडरीने फरक पडत नसेल तर दाखवून घ्या.

माझ्या आईने अख्खा पावसाळा चिखल्या म्हणून पावडर लावली. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी बोटं फाकवून बघितलं तेव्हा अंगठ्याशेजारच्या बोटात वर्षानुवर्षं घातलेलं जोडवं दिसलं, जे आता सुजलेल्या बोटात रुतून बसलं होतं आणि त्याची कड बाजूच्या बोटाला नेमकी त्याच जागी लागत होती. जोडवं काढायचं म्हटल्यावर आईचा चेहरा पडला, साहजिक आहे, पण सोनाराकडे नेऊन ते मोठं आणि पातळ करून घेतलं, बाजूच्या बोटाला टोचणार नाही असं. ज्या बायकांची जोडवी किंवा मासोळ्या घट्ट झाल्यात त्यांनी आज रात्री साबण लावून ती सरकतात का बघाच.

मऊ कुरूपाला करायचं काय, तर आंघोळीनंतर बेचकी कोरडी पुसायची, मधे थोडासा कापूस किंवा मेडिकलमध्ये मिळणारा सिलिकॉनचा तुकडा ठेवायचा म्हणजे हाडं घासत नाहीत, आणि बूट पुढून रुंद घ्यायचा. तिथे कॉर्न कॅप (मेडिकलमध्ये मिळणारी कुरूपाची पट्टी) किंवा ॲसिडचं औषध लावू नका, ओल्या कातडीवर ते पसरतं आणि जखम होते.

घरच्या घरी काय करता येईल?

शुगर नसेल, पायाला मुंग्या-बधिरपणा नसेल आणि जखम नसेल तर बरंच काही. रोज १० ते १५ मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, मीठ टाका नाहीतर नका टाकू, काम पाणीच करतं. मग प्युमिस स्टोनने हलक्या हाताने घासा, थोडंच, रोज थोडं. वजरी वापरत असाल तर धातूची खरखरीत नको, तिने चांगली कातडीही सोलली जाते. पाय पुसून युरिया असलेलं क्रीम चोळा (१० ते २० टक्क्यांचं चालतं, खूप जाड घट्ट्याला डॉक्टर ४० टक्क्यांपर्यंतचंही देतात) आणि सुती मोजे घालून झोपा. एका दिवसात सगळं काढायच्या नादाला लागू नका, लाल होईपर्यंत घासलं की दुसऱ्या दिवशी चालताच येत नाही.

त्याचबरोबर दाब कमी करायची पट्टी वापरा, मधे भोक असलेली जाडसर गोल गादी मिळते. भोक कुरूपावर आणि गादी आजूबाजूला अशी लावायची. लोक नेमकं उलटं करतात, दुखतंय म्हणून बरोबर कुरूपावरच कापसाचा गोळा ठेवतात आणि त्याने तिथला दाब वाढतो. चवड्याखाली बरंच दुखत असेल तर बुटात घालायची जी गादी मिळते तिचा उंचवटा दुखऱ्या जागेच्या जरा मागे यायला पाहिजे, थेट खाली नको.

कॉर्न कॅप लावू का?

लावू शकता, पण ती साधी पट्टी नाही, औषध आहे, हे डोक्यात ठेवा. मधल्या चकतीत सॅलिसिलिक ॲसिड असतं, बऱ्याचदा ४० टक्क्यांच्या आसपास, आणि ते मेलेली कातडी सैल करून सोडवतं. त्या ॲसिडला कुरूप कुठे संपतं आणि चांगली कातडी कुठे सुरू होते ते कळत नाही.

पाय भिजवून, घासून, पूर्ण कोरडा करा. चकती बरोबर कुरूपावर बसली पाहिजे, ती मोठी वाटत असेल तर आजूबाजूच्या कातडीवर आधी व्हॅसलिन लावून घ्या. पाकिटावर लिहिलंय तेवढेच दिवस ठेवा, मग काढून पाय भिजवा, पांढरी झालेली कातडी हळूच घासून काढा, गरज असेल तर परत लावा. जळजळ, लाली, पाणी येणं असं काही झालं की लगेच काढायची. दोनेक आठवड्यांत फरक नसेल तर नवीन पाकीट आणण्यापेक्षा डॉक्टरांना पाय दाखवा, कदाचित ते कुरूप नसेलच.

शुगर, पायाचा रक्तपुरवठा कमी असणं, बधिरपणा, चिरलेली किंवा पिकलेली जागा, बोटांची बेचकी, इथे कॉर्न कॅप अजिबात नाही. तुम्हाला शुगर आहे का हे मेडिकलवाला विचारेलच असं नाही, तुम्हीच लक्षात ठेवायचं.

बिब्बा, रुईचा चीक, चुना, लसूण यांचं काय?

आजी-आजोबांनी केलंय म्हणून विश्वास बसतो, मला कळतं. पण बिब्ब्याचं तेल कातडीला भाजतं, काहींना तर नुसता स्पर्श झाला तरी अंगभर पुरळ आणि फोड येतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. चुना भाजतो. लसूण ठेचून रात्रभर बांधून ठेवला की फोड येतो, आणि तो फोड म्हणजे औषध लागू पडलं असं लोक समजतात. कुरूप जातं ते भाजलेली कातडी गळून पडते म्हणून, मग हेच काम मोजून-मापून करणारं औषध स्वस्तात मिळत असताना पाय कशाला भाजून घ्यायचा. उदबत्तीचे किंवा तापलेल्या खिळ्याचे चटके देणंही याच्यातच आलं.

ब्लेडने कापलं तर? डॉक्टरसुद्धा तेच करतात ना.

डॉक्टर निर्जंतुक ब्लेड वापरतात, समोरून बघून, पातळ पातळ थर काढतात आणि कुठे थांबायचं ते त्यांना माहीत असतं. तुम्ही स्वतः वाकून, अर्धवट दिसतंय अशा अवस्थेत दाढीच्या ब्लेडने कापता. रक्त आलं म्हणजे जिवंत कातडी कापली गेली, आणि तोच पाय मग बुटात, घामात, पावसाच्या पाण्यात जातो. नको.

शुगर आहे. छोटंसंच कुरूप आहे, तरी एवढं घाबरायचं का?

घाबरायचं नाही, पण हातही लावायचा नाही. शुगर बरीच वर्षं असली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात, टोचतंय, भाजतंय हे कळेनासं होतं, आणि रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर जखम भरत नाही. अशा पायावर जाड कुरूप म्हणजे चोवीस तास एका ठिकाणी पडणारा दाब, त्याच्या खालची मऊ कातडी फुटते, आत जखम होते आणि वरून सगळं ठीक दिसतं. कुरूपाच्या आत काळपट किंवा लालसर डाग दिसला तर तो आत रक्त साकळल्याचा असू शकतो, मग उद्या-परवा करू नका, त्याच दिवशी दाखवा. कुरूप दुखायचं अचानक बंद झालं तरी शुगरवाल्यांनी ती चांगली बातमी समजू नये.

डॉक्टरांकडे एक साधी तपासणी असते, नायलॉनच्या बारीक तारेने तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श करतात आणि कळलं का विचारतात. दुखत नाही, काही मिनिटांत होते. वर्षातून एकदा तरी ही करून घ्या, आणि डॉक्टरांनी पाय बघितलेच नाहीत तर स्वतःहून चप्पल काढून पाय पुढे करा.

घरी रोज रात्री उजेडात दोन्ही पाय बघायचे, तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवायचा किंवा घरच्यांना बघायला सांगायचं. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा असेल तर पायाला कळणार नाही, हाताला कळेल. पाय भिजवायचे असतील तर पाणी आधी कोपराने तपासायचं, आणि जास्त वेळ भिजवत ठेवायचे नाहीत. अनवाणी चालायचं नाही, घरातही नाही. उन्हाळ्यात देवळाची फरशी तापलेली असते आणि प्रदक्षिणेत तळवे भाजल्याचं घरी आल्यावर कळतं, तिथे निदान जाड मोजे घाला, देव रागावणार नाही. पाय बधिर झालेले असतील तर एमसीआर चप्पल वापरा, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, जी मऊ असते पण पटकन चेपून सपाट होत नाही.

शुगर नाही तरी तळवा बधिर आहे, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टे आहेत आणि तिथेही स्पर्श कळत नाही, असं असेल तर सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध मोफत मिळतं, आजार पूर्ण बरा होतो, आणि बधिर पायासाठी एमसीआर चप्पलही सरकारी कार्यक्रमातून मिळते.

कुठल्या डॉक्टरांकडे जायचं आणि ते काय करतात?

आधी स्किनचे डॉक्टर किंवा जनरल सर्जन. शुगर असेल तर मधुमेही पायांचं वेगळं क्लिनिक जवळ असल्यास तिथे. हाड वाकडं असेल तर ऑर्थोपेडिक. ते कुरूपाचा जाड भाग तासून मधला कडक ठिपका काढतात. मेलेली कातडी असल्यामुळे बहुतेकांना भूल लागत नाही, आणि टेबलावरून उतरून पाय टेकला की लगेच फरक कळतो. मग कुठली गादी, कसला बूट ते सांगतात, आणि खरं औषध ते असतं म्हणून तो भाग नीट ऐकून या.

ऑपरेशन किंवा लेझर करून कायमचं जाईल का?

नुसतं कुरूप कापून किंवा जाळून टाकलं तर हमी नाही, दाब राहिला की परत येतं, वर तळपायाला कापल्याचा व्रण राहतो आणि तो व्रणच कधी कुरूपापेक्षा जास्त दुखतो. वाकडं बोट सरळ करणं, हाडाचा उंचवटा कमी करणं अशी ऑपरेशनं मात्र खऱ्या कारणावर जातात. बूट बदलून, गाद्या वापरूनही भागत नसेल तेव्हा त्याचा विचार करावा. कायमचं घालवायची जाहिरात बघितली की आधी विचारा, दाबाचं काय करणार.

आयुर्वेदात याला उपाय आहे का?

आहे. सुश्रुतसंहितेत ‘कदर’ नावाने याचं वर्णन आहे, पायाला खडे-काटे लागून होणारी गाठ म्हणून, आणि ती काढून तापलेल्या तेलाने दाह करायला सांगितलंय. आजही आयुर्वेद कॉलेजच्या हॉस्पिटलात अग्निकर्म, म्हणजे चटका देऊन करायचा उपचार, करतात. करायचं तर शिकलेल्या वैद्यांकडूनच, घरी प्रयोग नको, आणि शुगरवाल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

बूट-चप्पल घेताना काय बघू?

संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांत घालून उभं राहा, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण १ सेंटीमीटर जागा पाहिजे, आणि सगळ्यांचा अंगठाच लांब असतो असं नाही. घरून कागदावर पायाचा आकार काढून न्या आणि बूट त्याच्यावर ठेवून बघा, कागदावरचा पाय बाहेर डोकावत असेल तर दुकानदार कितीही म्हणू दे, ‘वापरून सैल होईल’, घेऊ नका. लेस किंवा पट्टा असलेला बरा, पाय पुढे सरकत नाही. कोल्हापुरी मला स्वतःला आवडते, पण नवी कडक असताना ती रोज दिवसभर घालायची नाही, आणि चवड्याला कुरूप असेल तर आत पातळ मऊ गादी चिकटवून घ्या, चांभार करून देतात.

कंपनीत सेफ्टी शूज घालावेच लागतात, मग काय करू?

पुढच्या स्टीलच्या टोपीला करंगळी घासते हा नेहमीचा त्रास. रुंद मापाचा जोड मागा, नुसता एक नंबर मोठा घेतला तर पाय आत सरकतो. करंगळीवर सिलिकॉनची टोपी, जाड सुती मोजे आणि आतली गादी चेपली की बदलायची. पोलीस, सिक्युरिटी गार्ड, नर्स यांनाही हेच.

शेतात काटा मोडला होता, तिथेच आता गाठ झालीय.

मग ते नुसतं कुरूप समजू नका. बाभळीच्या काट्याचं टोक आत राहिलं तर त्याच्याभोवती कडक गाठ होते आणि वरून अगदी कुरूपासारखी दिसते. काटा लाकडाचा, त्यामुळे साध्या एक्सरेत बहुतेक वेळा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसू शकतो. डॉक्टरांना काट्याचं आठवणीने सांगा. ॲसिडची पट्टी लावून आतला काटा निघत नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचारून घ्या.

वारीला जायचंय आणि पायात कुरूप आहे. जमेल का?

आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणं आहे, आणि असलेलं कुरूप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बोलायला लागतं. निघायच्या महिनाभर आधी दाखवून तासून घ्या, आदल्या दिवशी नाही, कारण नवी कातडी हुळहुळी असते. नवे बूट वारीत घालू नका, जे न्यायचे ते आधी रोज घालून चाला. पिशवीत मोज्यांचे जादा जोड, भोकाची गादी, चिकटपट्टी आणि व्हॅसलिन ठेवा. पावसात मोजे भिजले की बदला, मुक्कामाला पोचल्यावर पाय धुवून बेचकी कोरडी करा. वाटेत आरोग्य पथकं असतात, फोड किंवा लाली दिसली की लगेच त्यांना दाखवा. अनवाणी चालायचा नवस असेल आणि शुगरही असेल तर घरच्या मोठ्यांशी आणि डॉक्टरांशी निघायच्या आधीच बोलून घ्या.